पाठीवरचं नाव

१९ एप्रिल २०२१, सोमवार

ही डायरी खताच्या कंपनीची आहे. प्रत्येक पानाच्या तळाला उसाबद्दल एक सल्ला छापलाय. आजचा सल्ला : ‘तण वेळीच काढावे.’ बघते.

नवऱ्यानं, जिनेंद्रनं, ती दुकानातून आणून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवली आणि खालून ओरडून सांगितलं, “बोलायला कोण नसलं की हिच्यात लिहीत जा!” गेले बारा दिवस मी गच्चीवरच्या खोलीत राहते. खाली सासूबाई आहेत, अक्काताई, वय चौऱ्याहत्तर, दमा. मी राजारामपुरीतल्या स्कॅन सेंटरवर सीटीची टेक्निशियन, दिवसाला चाळीस-पन्नास कोरोनाच्या छात्या मशीनमध्ये घालणारी. तेव्हा मीच म्हटलं, मी वर जाते. कोणी ‘नको’ म्हणालं नाही. निदान एकदा तरी म्हणायला हवं होतं.

अक्काताई दिवस मावळला की अन्नाला शिवत नाहीत आणि घरात दुसऱ्यालाही शिवू देत नाहीत. मी सहाला पोचते, आंघोळ होईपर्यंत ताट पायरीवर आलेलं असतं आणि खालून हाक येते, “रुचिता, सूर्य बुडायला लागलाय, गीळ लवकर!” साऱ्या जगाला घरात बसवलंय, सूर्याला तेवढं कोणी सांगितलेलं नाही.

आजची बातमी : सम्मेद पॉझिटिव्ह. सम्मेद म्हणजे सेंटरवरचा दुसरा टेक्निशियन. सकाळी चहाला चव नाही म्हणून त्यानं चहावाल्याशी भांडण काढलं, तेव्हाच मला संशय आला होता. आता मशीनवर मी एकटी, आणि मदतीला आकाराममामा.

आकाराममामा मार्केट यार्डात वीस वर्षं गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पाठीवरून वाहायचे. कंबर धरली म्हणून आमच्याकडे अटेंडंट झाले. पेशंटला उचलून मशीनच्या टेबलावर ठेवतात तेही गुळाच्या रव्यासारखंच, अलगद आणि कडेनं धरून.

२२ एप्रिल, गुरुवार

आज बावन्न स्कॅन.

पीपीई किट अंगात घातला की तो ड्यूटी संपल्यावरच निघतो. तोवर पाणी नाही, कारण पाणी प्यालं की पुढचं सगळं आलं. दिवसाला माणशी एकच किट मिळतो, मधे काढला तर गेला. सकाळी सातनंतर मी थेंबभर पाणी पीत नाही. दुपारी तीनला जीभ टाळ्याला चिकटते आणि पेशंटला ‘श्वास रोखा’ सांगताना ‘श्वाश लोखा’ असं काहीतरी येतं. एका आजोबांनी विचारलं, “बाई कुठल्या गावच्या म्हणायच्या?”

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. डॉ. अमरसिंह इंगवले, सेंटरचे मालक. वय अठ्ठावन्न, शुगर, उंची बेताची. गेल्या वर्षीच्या मार्चपासून सेंटरची पायरी चढलेले नाहीत. कळंब्याच्या बंगल्यात बसून कॉम्प्युटरवर स्कॅन बघतात, रिपोर्ट पाठवतात, आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर सेंटरचा सीसीटीव्ही बघतात. मी खुर्चीत टेकले की दोन मिनिटांत फोन येतो, “रुचिता, बरी आहेस ना?” काळजी की पहारा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी म्हटलं, “सर, माणशी दोन किट पाहिजेत. आणि सम्मेदच्या जागी कोणीतरी.”

“रुचिता, आपण सगळे एक कुटुंब आहोत.”

“कुटुंबात किट दोन मिळत नाहीत का सर?”

“हॅलो? हॅलो? रेंज जातेय बघ.”

कळंब्याची रेंज फार समजूतदार आहे.

२६ एप्रिल, सोमवार

आज मी एक उद्योग केला. लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर मला तरी आठवेल.

सकाळपासून दारात गर्दी. किटमध्ये सगळे सारखेच दिसतात, म्हणून आम्ही पाठीवर मार्करनं नाव लिहितो. आकाराममामांच्या पाठीवर ‘आकाराम’ बघितलं की लोक त्यांना मोजतच नाहीत. एक पांढऱ्या शर्टातले गृहस्थ तर अंगावर धावून आले. “तू कोण रं मला थांब म्हणणारा? डॉक्टर कुटं हाय? डॉक्टर आल्याबगार माझा पेशंट आत जायचा न्हाई!” मामा हात जोडून म्हणाले, “दोन मिंटं थांबा पावणं, खोली पुसतोय.” तर त्यांनी मामांना ढकललं. गुळाचा रवा उचलणारा माणूस, एका हातानं त्या गृहस्थाला कपाटावर ठेवू शकला असता. पण मामा आत येऊन फरशी पुसत राहिले.

माझ्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. मामांचा किट बाहीला फाटला होता, जादाचा तेवढा एकच कपाटात होता. तो त्यांना घालायला लावला. “पाठ करा मामा,” म्हटलं आणि लिहिलं : ‘डॉ. अमरसिंह’.

मामांना स्वतःची पाठ दिसत नाही. आणि मी सांगितलं नाही.

ते बाहेर गेले. पांढरा शर्ट उठून उभा राहिला. “नमस्कार डॉक्टरसाहेब. तुमचा तो माणूस लई उर्मट हाय बगा.” मामांनी मागं वळून बघितलं, डॉक्टर कुठं आहेत म्हणून. मी काचेमागं तोंड दाबून उभी होते. मास्क असल्याचा तेवढा एक फायदा.

दिवसभरात एकही भांडण नाही. पाच वाजता मामा म्हणाले, “ताई, आज माणसं कशी काय ओ मवाळ आली? एका म्हातारीनं तर माझ्या पाया पडायचं काढलं.”

“पुण्याई मामा,” मी म्हटलं.

२७ एप्रिल, मंगळवार

सकाळी मामांच्या नव्या किटवरही तेच नाव लिहिलं. पुण्याई बाराला फुटली. काउंटरवरची संयोगिता आत आली आणि मामांच्या पाठीकडे बघून “अय्या, सर कधी आले?” म्हणून किंचाळली. मामांनी आरशाकडे पाठ केली, मान वाकडी करून करून उलटं नाव वाचलं आणि मटकन बसले.

“ताई, जेलात घालशीला मला! कळंब्याचंच जेल! डॉक्टरसाहेबांच्या बंगल्यावरनं रोज दिसंल मी त्यास्नी!”

मी समजूत घातली. तीन नियम ठरवले. एक, औषधाबद्दल बोलायचं नाही. दोन, आजाराबद्दल बोलायचं नाही. तीन, कोणी काही विचारलं तर फक्त मान हलवायची, हो की नाही ते कळणार नाही अशी.

“अशी?” मामांनी मान गोल फिरवली.

“अशीच. मोठे डॉक्टर अशीच हलवतात.”

ते नको नको म्हणत राहिले. पण बाहेर आरडाओरडा सुरू झाला तसे उठले, किट सरळ केला आणि दारात जाऊन उभे राहिले. काय उभे राहिले! हात मागं बांधून. आवाज बंद.

३० एप्रिल, शुक्रवार

मामांना डॉक्टरकी मानवली आहे. ते आता सावकाश चालतात. पेशंटच्या खांद्यावर हात ठेवतात. पेशंट रडायला लागला तर त्याच्या शेजारी जाऊन बसतात आणि काहीच बोलत नाहीत. खरं सांगायचं तर हे ते पहिल्यापासून करतात. पूर्वी लोक हात झटकायचे, आता डोळे पुसतात. हात तोच आहे. मला या गोष्टीचा राग येतो, पण कुणावर ते कळत नाही.

दुपारी डॉक्टरांचा फोन. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, “रुचिता, पेशंटच्या खांद्याला हात लावल्यावर हातमोजे बदलायला हवेत.”

मी म्हटलं, “मी लावतच नाही सर.”

“तू नाही लावत. पण लावतात ते चांगलंच आहे. फक्त हातमोजे.”

असं बोलून ठेवून दिला. माणूस एकटा राहिला की असं तुटक बोलायला लागतो. गेल्या वर्षभरात त्यांच्याशी कॉम्प्युटरशिवाय कोण बोललं असणार?

३ मे, सोमवार

चमत्कार. कळंब्याहून डॉक्टरांचा ड्रायव्हर दोन खोकी टाकून गेला. आत साठ किट. आणि वर रबरबँड लावून तीन नवे काळे मार्कर.

किट मागून मागून माझा घसा बसला होता, ते समजलं. मार्कर कोणी मागितले होते? संयोगिताला विचारलं, तिनंही नाही. चुकून आले असतील. ठेवून घेतले, जुना वाळतच आला होता.

म्हणजे आता मधे किट बदलता येईल. आज दीडला मी पाणी प्यायले. अख्खी बाटली. आणि मग ते दुसरंही. एवढा आनंद मला लग्नात झाला नव्हता, जिनेंद्रनं हे वाचू नये.

दुसरी गंमत. गल्लीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांचा पाठमोरा फोटो फिरतोय. खाली लिहिलंय, ‘बाकीचे घरात बसलेले असताना स्वतः मशीनजवळ उभे राहणारे आमचे डॉ. अमरसिंह! मानाचा मुजरा!’ अडीचशे अंगठे. डॉक्टरांचे वर्गमित्र त्यांना फोन करून अभिनंदन करतायत म्हणे. मला वाटलं आता बोंब होणार. काहीच नाही. फोटोत डॉक्टर सहा फूट आणि तीन माणसं रुंद दिसतायत, तरी त्यांच्या वर्गमित्रांना शंका येऊ नये? डॉक्टर मंडळी एक्स-रेच बघून ओळखत असतील एकमेकांना.

५ मे, बुधवार

आज शालूबाई आल्या. नृसिंहवाडीजवळच्या एका खेड्यातल्या, सत्तरीच्या, लुगड्याचा पदर दातांत धरलेला. सोबत मुलगा आदर्श, सोसायटीत क्लार्क. भाड्याची गाडी करून आला होता.

मशीन बघताच त्या दारातच अडल्या. “न्हाई जायची मी. हे कसलं भोक म्हणायचं? जित्तेपणी भट्टीत घालतासा व्हय रं?”

कोणाला हसू आलं नाही. सध्या स्मशानांच्या बातम्या सगळेच बघतायत.

मी समजावलं, मुलानं समजावलं. त्या टेबलाला हात लावेनात. श्वास लागलेला, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन नव्वद. मग मामा पुढं झाले. किरणं अडवणारा शिशाचा एप्रन किटवर पुढून चढवला आणि म्हणाले, “आये, मी हितंच थांबतो. तुझा हात सोडत न्हाई. चालंल?”

“तू कोण?”

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग पाठ वळवून दाखवली. म्हातारीला वाचता येत होतं का देव जाणे. पण झोपली. स्कॅन होईपर्यंत मामा एप्रन घालून तिचा हात धरून वाकून उभे. मशीनमधून आवाज येत होता, ‘श्वास रोखा’, आणि दोघांनीही रोखला.

चित्रं स्वच्छ आली. हलली नाही. मी लगेच पुढच्या पेशंटकडे वळले.

६ मे, गुरुवार

लिहायला हात उचलत नाही.

काल शालूबाईंना बाहेर नेताना आदर्शनं मामांना विचारलं, “डॉक्टर, ॲडमिट करायला लागंल काय?” आणि मामांनी मान फिरवायच्या ऐवजी तोंड उघडलं. “काय न्हाई हो. घरला न्या, गरम पाणी द्या. आठ दिसांत हिंडाय लागंल, माझा शब्द हाय.” म्हातारीचा हात धरला होता ना, त्या हातातून माया चढली त्यांना.

ते लोक रिपोर्टसाठी न थांबता गावाला निघाले. डॉक्टरांनी तासाभरात कळंब्यात स्कॅन उघडला. फुप्फुसाचा स्कोअर पंचवीसपैकी सतरा, म्हणजे गंभीर.

पुढचं संयोगितानं सांगितलं, कारण आदर्शचा नंबर तिच्याचकडून डॉक्टरांनी घेतला आणि लाइन जोडून द्यायला सांगितली. तिनं अर्थातच ऐकलं.

“मी डॉक्टर अमरसिंह बोलतोय. गाडी फिरवा. आईला आत्ता दवाखान्यात न्यायचंय.”

“ओ साहेब, तुमीच तर म्हणालासा काय न्हाई म्हणून! शब्द दिलासा!”

मग डॉक्टर म्हणाले, “हो. चुकलं माझं. बेड मी बघतो. तुम्ही फक्त गाडी फिरवा.”

चार ठिकाणी फोन करून त्यांनी स्वतः ऑक्सिजनचा बेड मिळवला. म्हातारी संध्याकाळी पाचला ॲडमिट झाली.

मामा आज कामावर आले ते नुसती फरशी पुसत होते. पुसलेलीच पुन्हा. “ताई, मी मारली का ओ तिला?”

उद्योग माझा, शब्द त्यांचा. डॉक्टरांनी सगळं स्वतःवर का घेतलं तेही कळत नाही. गोंधळात त्यांना वाटलं असेल, आपणच काहीतरी बोललो. दिवसाला पन्नास रिपोर्ट लिहिणाऱ्याला काय आठवणार?

आज पानाच्या तळाशी काय लिहिलंय ते वाचलं नाही.

८ मे, शनिवार

झोप लागेना झाली म्हणून सकाळी उठून डॉक्टरांना फोन केला. पाठ करून ठेवलं होतं : सर, चूक माझी आहे, मामांना मी भरीला घातलं, काढायचं असेल तर मला काढा.

“सर, ते किटवरचं नाव...”

“उद्या किती नंबर आहेत?”

“उद्या रविवार सर. एकोणतीस. पण ते नाव...”

“आणि सोमवारी?”

“छप्पन्न.”

“बरं.” ठेवला.

हा माणूस मला कबुलीही देऊ देत नाही.

शालूबाईंचा ऑक्सिजन मास्कवर त्र्याण्णव. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ आदर्शला फोन करतात, असं त्यानं संयोगिताला सांगितलं.

१० मे, सोमवार

सकाळी पावणेआठला कुलूप उघडत होते तर मागून कोणीतरी म्हणालं, “माझ्या मापाचा किट आहे का?”

डॉक्टर अमरसिंह. हातात डबा, गळ्यात चष्म्याची दोरी, चौदा महिन्यांत केस पूर्ण पांढरे. मामांनी बघितलं आणि पोछा बादलीत टाकून सरळ भिंतीला चिकटले.

डॉक्टरांनी किट चढवला. तो त्यांना इतका मोठा झाला की पायाशी चुण्या पडल्या. मग माझ्याकडे पाठ केली. “लिही.”

“काय लिहू सर?”

“तेच विचारतोय. माझं नाव तर आकाराम वापरतोय. मला दुसरं काहीतरी सुचव.”

मार्कर माझ्या हातातून पडला. खरंच पडला, लोळत मशीनखाली गेला.

“सर, तुम्हाला...”

“पहिल्या दिवसापासून. कॅमेऱ्यात आवाजपण येतो, रुचिता. मान गोल कशी फिरवायची तेही ऐकलं.”

हातमोजे. खोक्यावरचे मार्कर. एकेक करून सगळं माझ्या डोक्यात घुसायला लागलं आणि मला वाटलं जमीन फाटेल तर बरं.

मामांनी पाय धरायला वाकायचं काढलं. डॉक्टरांनी त्यांना हातानंच थांबवलं. “आकाराम, तुझ्या तोंडून गेलं ते वाईट झालं. पुन्हा कोणाला शब्द द्यायचा नाही. पण तो शब्द तू माझ्या नावानं का देऊ शकलास? कारण मी इथं नव्हतो.”

मग ते म्हणाले, आणि हे मी जसंच्या तसं लिहिते, “मला भीती वाटत होती. शुगर आहे, वय आहे, सगळं आहे, पण मूळ भीतीच. कॅमेऱ्यात बघायचो, कोणीतरी माझ्या नावानं लोकांच्या खांद्यावर हात ठेवतंय. बरं वाटायचं. फुकटचं. म्हणून गप्प बसलो.”

मी गेले तीन आठवडे या माणसाला ऐकवायच्या गोष्टींची यादी करत होते. त्यातली एकही आठवली नाही. नवा मार्कर काढला आणि ज्याचं त्याचं नाव ज्याच्या त्याच्या पाठीवर लिहिलं.

१० मे, पुढे चालू

जागा पुरली नाही म्हणून उद्याच्या पानावर आले. उसाची माफी मागून.

डॉक्टरांचा पहिला दिवस असा गेला. साडेआठ : पहिल्याच पेशंटनं, तो दुसऱ्यांदा आला होता, पाठीवरचं नाव वाचून विचारलं, “डॉक्टर, गेल्या बारीला लई दांडगं हुतासा. आटलासा काय ओ?” डॉक्टर म्हणाले, “ताण फार पडतो.” साडेदहा : चष्म्यावर वाफ, डॉक्टर दारावर आपटले. अकरा : प्रत्येक पेशंटनंतर खोली उघडी ठेवायला हवी तेवढी ठेवता येत नाही, हे मी वर्षभर फोनवर सांगत होते, ते त्यांनी घड्याळ लावून बघितलं. बारा वाजता त्यांनी मला बाजूला घेतलं.

“रुचिता. किट... मधे काढता येतो ना?”

“दीडला काढतो आम्ही सर. आता दोन किट मिळतात म्हणून. आधी पाचला काढायचो.”

“पाचला? आणि मग तोवर...”

“तोवर काही नाही सर.”

शुगरवाला माणूस. त्याच्या चेहऱ्यावर, म्हणजे काचेमागं जेवढा दिसत होता तेवढ्यावर, जे आलं ते मी कधी विसरणार नाही. साडेबाराला ते धावले. किटच्या चुण्या गोळा करून, दोन्ही हातांनी धरून, लग्नातल्या नवरीसारखे.

एक वाजता बाहेर आले तेव्हा बोर्डावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं : कोणीही तीन तासांवर किटमध्ये राहणार नाही. दर पेशंटनंतर दार उघडं. दिवसाला छत्तीसवर नंबर घ्यायचे नाहीत, बाकीचे दुसऱ्या सेंटरला पाठवायचे. सांगलीहून एक टेक्निशियन बोलवायचा.

वर्षभराच्या माझ्या फोनांनी जे झालं नाही ते एका दुपारच्या लघवीनं केलं. मी हे कुठंच सांगणार नाही. इथं सांगितलं.

१९ मे, बुधवार

आठवडाभर लिहायला जमलं नाही. जिल्हा पूर्ण बंद आहे, रस्त्यावर पोलीस, सेंटरवर जाताना तीनदा ओळखपत्र दाखवायचं. सांगलीचा टेक्निशियन आला, बरा आहे, फार गातो. डॉक्टर रोज आठ ते अकरा मशीनजवळ असतात, मग काचेच्या केबिनमध्ये रिपोर्ट. अजून घाबरतात. प्रत्येक पेशंटनंतर हात इतके धुतात की संयोगिता म्हणते, रेषा पुसल्या जातील. पण येतात.

शालूबाईंचं परवा वाईट होतं. मामा दोन दिवस जेवले नाहीत. आज ऑक्सिजन कमी केलाय.

खाली अक्काताईंना विचारलं, मी येऊ का खाली? म्हणाल्या, “तुझं तू बघ बाई.” मग थोड्या वेळानं, “पण ताट वर नेताना माझा गुडघा दुखतो, हे खरं.” म्हणजे एवढे दिवस ताट जिनेंद्र नव्हे, त्या आणत होत्या. दमा घेऊन, पायऱ्या चढून. आणि मला खालून ओरडायच्या, सूर्य बुडतोय म्हणून.

२७ मे, गुरुवार

शालूबाई घरी गेल्या. जाताना गाडी मुद्दाम सेंटरपाशी थांबवली. खाली उतरायची ताकद नव्हती, खिडकीची काच अर्धी खाली करून बसल्या. आदर्शचा चेहरा अजून रागावलेला. डॉक्टर पुढे गेले. “आजी, मी डॉक्टर अमरसिंह.”

म्हातारीनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. “न्हाई. त्यो न्हवं तू.”

मामा दाराआड लपले होते. डॉक्टरांनी त्यांना दंडाला धरून ओढत आणलं. मामा खाली मान घालून म्हणाले, “आये, मी डॉक्टर न्हवं. फरशी पुसतो हितली. मी खोटं बोललो तुला. चुकलं.”

आदर्शनं दार उघडलं. मला वाटलं आता हात उचलतो. उचललाही. मग तसाच खाली घेतला आणि मामांकडे न बघता म्हणाला, “पुन्हा कुणाला असलं सांगू नगासा. मी गाडी फिरवली न्हसती तर?” बरोबर बोलला.

शालूबाई मात्र खिडकीतून हात काढून बसल्या होत्या. मामांनी हातमोजे घातलेला हात पुढे केला. त्यांनी तो चाचपला. “ह्योच,” मुलाला म्हणाल्या. “भट्टीत ह्योच हुता.”

१ जून, मंगळवार

डॉक्टरांनी हजेरीचं बुक काढलं आणि आकाराममामांची रजा मोजली. मार्चपासून एकही नाही. शहाऐंशी दिवस. मामांना विचारलं तर म्हणाले, “कोण मागणार, आन् कुणाकडं?” डॉक्टरांनी त्यांना आठ दिवस सक्तीनं घरी बसवलं.

सकाळी साडेसातला मामा हजर. “जरा फरशी बगून जातो म्हटलं.” डॉक्टरांनी हाकलून दिलं. साडेआठला परत, छत्री विसरली म्हणून. छत्री आणलीच नव्हती. मी रिक्षात बसवून दिलं.

२ जून, बुधवार

सकाळी आठला मामांच्या घरून फोन. त्यांची बायको, बायडाबाई, रडवेल्या आवाजात, “म्याडम, ह्ये उठंनात ओ! काल धा वाजता दिवसाच आडवं झालं ते अजून तसंच! हलवलं, पाणी मारलं, डोळं उघडंनात!”

मी स्पीकर लावला. डॉक्टर किट अर्धा अंगात असताना धावत आले, एक बाही लोंबत होती.

“बायडाबाई, मी डॉक्टर बोलतोय. ताप आहे का?”

“न्हाई.”

“ओठ निळे?”

“न्हाई की. तांबडं हायत चांगलं.”

“बोटाला लावायचं यंत्र दिलंय बघा आम्ही. किती दाखवतंय?”

खुडबुड ऐकू आली. सेंटरमध्ये सगळे थांबले होते. संयोगिता, गाणारा सांगलीकर, रांगेतले दोन पेशंट.

“सत्त्याण्णव म्हणतंय.”

“श्वास कसा चाललाय?”

“कसा म्हंजी? घोरत्यात.”

“जोरात?”

“जोरात म्हंजी? शेजारची भांडाय आली हुती सकाळी!”

डॉक्टर स्टुलावर बसले. डोळे मिटले, उघडले. “फोन जरा त्यांच्या तोंडाजवळ धरा.”

बायडाबाईंनी धरला. स्पीकरमधून मार्केट यार्डातला ट्रक चढावर लागावा तसा आवाज आला. खाली आला, थांबला, पुन्हा चढला. आम्ही सगळे ऐकत उभे राहिलो. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तर डोकं हलवून दाद दिली.

“झोपू दे त्यांना,” डॉक्टर हळूच म्हणाले, जणू ते इथंच कुठं झोपलेत. “उठले की गरम जेवण द्या. आणि फरशी बघायला जातो म्हणाले तर दाराला कडी घाला.”

फोन ठेवला. दुसरी बाही चढवली, माझ्याकडे पाठ केली, मी नाव लिहिलं, आणि ते दारात जाऊन म्हणाले, “चला, पुढचे कोण?”